सुई, काढा आणि मावशीचा गुडघा

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, लोकलमध्ये नेटवर्क जात असेल, किंवा वाचायलाच आवडत असेल, तर आजच्या एपिसोडचा हा मजकूर. बोलताना जे 'म्हणजे', 'तर' झाले, त्यातले निम्मे काढलेत. निम्मे राहू दिलेत, नाहीतर तुम्हाला वाटेल दुसराच कोणी बोलतोय.

आजचा विषय आहे ॲक्युपंक्चर आणि चिनी वनौषधी. हा विषय डोक्यात आला मावशीमुळे.

माझी मावशी सोलापूरला असते. वय बासष्ट. डायबिटीसची गोळी चालू, बीपीची गोळी चालू. गेली तीन वर्षं उजवा गुडघा दुखतोय. जिना उतरताना 'आई गं' म्हटल्याशिवाय पायरी सुटत नाही. मागच्या वर्षी तिने एकाच महिन्यात दोन गोष्टी सुरू केल्या. एक, आठवड्यातून दोनदा ॲक्युपंक्चर. दोन, भिशीतल्या मैत्रिणीने ऑनलाइन मागवून दिलेल्या 'चायनीज हर्बल' कॅप्सूल. डबीवर चिनी अक्षरं, त्याखाली इंग्रजीत 'शंभर टक्के नॅचरल' आणि 'होलिस्टिक'. आत नक्की काय काय आहे, त्याची यादी मात्र कुठेच नाही.

चार दिवसांत गुडघा गप्प! मावशी सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाऊन आली, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठे दाखवले. दीड महिन्याने शुगर तपासली. उपाशीपोटी नेहमी १३०च्या आसपास असायची, ती निघाली २६८.

मी फोनवर तावातावाने म्हणालो, "मावशी, हे सगळं थोतांड आहे, बंद कर." ती शांतपणे म्हणाली, "अरे, पण मला बरं वाटतंय ना? तुझ्या त्या मोठ्या डॉक्टरांनी चार मिनिटं बघितलं आणि गुडघा बदला म्हणून सांगितलं. सुईवाल्या बाई पाऊण तास बसून विचारतात, झोप कशी लागते, भूक कशी आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून वाचायला बसलो. आणि लक्षात आलं की मी एक मोठी चूक करत होतो. सुई आणि कॅप्सूल या दोन गोष्टी मी एकाच पिशवीत टाकत होतो, 'चायनीज' म्हणून. मावशीही तेच करत होती, फक्त उलट बाजूने. दोन्ही चांगलं, कारण दोन्ही 'होलिस्टिक'. आज या दोन गोष्टी वेगळ्या करून बघू.

आधी त्यांचं म्हणणं समजून घेऊ

चिनी वैद्यकाची कल्पना थोडक्यात अशी. शरीरात 'छी' नावाची जीवनशक्ती वाहते. ती ठरावीक मार्गांनी वाहते, ज्यांना आपण मेरिडियन म्हणतो. मुख्य मार्ग बारा, शिवाय अंगाच्या मधोमध पुढून आणि मागून जाणारे दोन, असे चौदा. या मार्गांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीप्रमाणे ३६१ बिंदू आहेत. प्रवाह अडला, कमी-जास्त झाला, की आजार. बिंदूवर सुई टोचली की प्रवाह ताळ्यावर येतो. वैद्य नाडी बघतात, जीभ बघतात, झोप, पचन, पाळी, स्वभाव सगळं विचारतात. एकच तक्रार असलेल्या दोन माणसांना वेगवेगळी औषधं मिळू शकतात. 'होलिस्टिक' म्हणतात ते हे. अवयव नाही, अख्खा माणूस बघायचा.

आपल्याला हे फार परकं वाटत नाही, बरोबर? वात-पित्त-कफ ऐकतच मोठे झालोय आपण.

पण 'छी' आणि मेरिडियन शरीर उघडून कधी सापडलेले नाहीत. ना शवविच्छेदनात, ना स्कॅनमध्ये. नसा सापडतात, रक्तवाहिन्या सापडतात, हे मार्ग सापडत नाहीत. याचा अर्थ सुईने काहीच होत नाही, असा लगेच निघत नाही. समजूत चुकीची असूनही उपाय लागू पडू शकतो. तो पडतो का, हे वेगळं तपासावं लागतं. हा धागा हातात ठेवा.

पाच हजार वर्षं?

'पाच हजार वर्षांची परंपरा' हे वाक्य तुम्ही रीलमध्ये हमखास ऐकलं असेल. पुरावे काय सांगतात? चीनमध्ये मावांगदुई इथे एक कबर सापडली, इसवी सनापूर्वी १६८ साली बंद केलेली. तिच्यातल्या वैद्यकाच्या लिखाणात शरीरातल्या मार्गांचं वर्णन आहे, पण उपाय म्हणून शेक द्यायला सांगितलाय, सुईचा उल्लेख नाही. हपेई प्रांतात १९६८ मध्ये लिउ शंग या राजपुत्राची कबर सापडली. तो वारला इसवी सनापूर्वी ११३ मध्ये. तिथे मात्र सोन्याच्या आणि चांदीच्या सुया मिळाल्या. म्हणजे साधारण दोन हजार वर्षं धरा. तीही काही थोडी नाहीत!

आणि ही परंपरा सरळ रेषेत चालत आलेली नाही. १८२२ मध्ये चीनच्या सम्राटानेच राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकलं. १९२९ मध्ये तिथल्या सरकारपुढे पारंपरिक वैद्यकावर निर्बंध आणण्याचा प्रस्ताव आला, वैद्यांनी मोठा विरोध केला म्हणून तो मागे पडला. मग १९५०च्या दशकात माओच्या सरकारने धोरण बदललं. लोकसंख्या प्रचंड, आधुनिक डॉक्टर मोजके. वेगवेगळ्या गावांच्या, घराण्यांच्या पद्धती एकत्र करून अभ्यासक्रम बांधला, कॉलेजं काढली. आज जगभर 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणून जे शिकवलं जातं, त्याची बांधणी बरीचशी या काळातली आहे.

अमेरिकेला याचं वेड लागलं १९७१ मध्ये. जेम्स रेस्टन नावाचे न्यू यॉर्क टाइम्सचे पत्रकार पेकिंगला गेले असताना त्यांचं अपेंडिक्स दुखायला लागलं. तिथे ऑपरेशन झालं, त्यावर त्यांनी लेख लिहिला. आजही लोक सांगतात, 'त्यांचं पोट नुसत्या सुया टोचून कापलं!' तसं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी नेहमीची भुलीची इंजेक्शनं दिली होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोटात गॅस धरून अस्वस्थ वाटत होतं तेव्हा. गोष्ट तोंडातोंडी फिरताना कशी फुगते बघा.

सोलापूरचा धागा

भारतात ॲक्युपंक्चर कसं आलं? इथे मावशीच्या गावाचा संबंध येतो. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस शेवटपर्यंत तिथेच राहिले, १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर १९४६ मध्ये सिनेमा काढला.

कोटणीस सर्जन होते, ॲक्युपंक्चर करणारे नव्हे. पण त्याच तुकडीत कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू होते. ते पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात ते सुरू केलं. भारतात ही पद्धत आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, २०१५चा, आणि त्याखाली राज्याची परिषद आहे, जिथे उपचार करणाऱ्यांची नोंदणी होते. मावशीच्या सुईवाल्या बाई नोंदणीकृत आहेत. हे मी तपासलं, थोडा संशय मनात ठेवूनच.

मग सुई चालते का?

आता खरी गंमत. समजा शंभर जणांना सुया टोचल्या आणि पन्नास जणांना बरं वाटलं. यावरून काय कळलं? फारसं काही नाही. कारण गुडघेदुखी कमी-जास्त होतच असते, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं सगळ्यात जास्त असताना. तिथून ते आपोआपही उतरतं. म्हणून विचारायचा प्रश्न असा: 'कशाच्या तुलनेत बरं वाटलं?'

गोळीच्या बाबतीत साखरेची खोटी गोळी देता येते. सुईची नक्कल कशी करायची? संशोधकांनी युक्त्या काढल्या. एक म्हणजे जादूगाराच्या सुरीसारखी आत सरकणारी सुई. टोक कातडीला टेकतं, टोचल्यासारखं वाटतं, पण सुई आत जात नाही. दुसरी युक्ती म्हणजे खरी सुई, पण चुकीच्या जागी आणि अगदी वरवर टोचायची.

मावशीच्या गुडघ्याला थेट लागू पडणारा अभ्यास जर्मनीत झाला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनाट गुडघेदुखीचे हजारावर रुग्ण, तीन गट. पहिल्याला खरं ॲक्युपंक्चर. दुसऱ्याला खोटं, म्हणजे भलत्या जागी, वरवर. तिसऱ्याला डॉक्टरांच्या भेटी आणि दुखण्याच्या गोळ्या. फिजिओथेरपीची सोय तिन्ही गटांना. सहा महिन्यांनी बघितलं, किती जणांना ठरवलेल्या मापाइतका फरक पडला.

खरं ॲक्युपंक्चर: ५३ टक्के.
खोटं ॲक्युपंक्चर: ५१ टक्के.
गोळ्या आणि डॉक्टर: २९ टक्के.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा, कारण दोन्ही बाजूचे लोक यातला अर्धाच भाग सांगतात. ॲक्युपंक्चरवाले सांगतात, 'बघा, गोळ्यांपेक्षा किती सरस!' विरोधक सांगतात, 'बघा, खरी आणि खोटी सुई सारखीच!' दोघंही खरं बोलतात. मी फोनवर दुसरं वाक्य बोललो होतो, मावशी पहिलं.

पूर्ण अर्थ असा निघतो: सुई नेमकी कुठे टोचली याने फार फरक पडत नाही. म्हणजे ३६१ बिंदूंच्या नकाशाला आधार मिळत नाही. पण त्या अख्ख्या अनुभवाने काहीतरी फरक पडतो. पाऊण तास शांत पडून राहणं, कोणीतरी आपलं दुखणं नीट ऐकून घेणं, हाताचा स्पर्श, 'आता बरं वाटेल' ही अपेक्षा. शिवाय सुई टोचल्यावर शरीर काही रसायनं सोडतं, ज्यांनी वेदना दबते. उंदरांवरच्या प्रयोगात ॲडिनोसिन नावाचं असं रसायन वाढलेलं दिसलं. आणि हेही धरा की तिसऱ्या गटाला माहीत होतं, आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत. त्यांची थोडी निराशाही त्या २९ टक्क्यांत असणार.

पुढे अनेक अभ्यास एकत्र करून बघितले गेले. जुनाट दुखणं आणि वारंवार येणारी अर्धशिशी, यांत खरी सुई खोट्या सुईपेक्षा थोडी सरस दिसते. पण थोडीच. ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूवर दाब किंवा सुई दिली, तर उपयोग होतो असंही दिसतं. पण ॲक्युपंक्चरने डायबिटीस जातो, कॅन्सर बरा होतो, असं कोणी सांगितलं तर तिथून उठा.

धोका किती? शिकलेल्या हाताने, दर वेळी नवी, सीलबंद सुई वापरली तर कमी. थोडं रक्त, थोडा काळानिळा डाग. पण शून्य नाही. छातीवर, खांद्याजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. तीच सुई पुन्हा वापरली तर कावीळ पसरू शकते.

आता कॅप्सूल

सुई शरीरात काहीच सोडून येत नाही. औषधी वनस्पती सोडते. म्हणून इथे खेळ वेगळा आहे, आणि तो दोन्ही दिशांनी मोठा आहे.

आधी चांगली गोष्ट. १९६७ मध्ये चीनने मलेरियावर औषध शोधायची गुप्त मोहीम काढली. शेजारी व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं आणि सैनिक मलेरियाने मरत होते. या कामात यौयौ तू नावाच्या संशोधिका होत्या. (हसू नका, 'तू' हे त्यांचं आडनाव.) त्यांच्या टीमने जुन्या पोथ्या चाळून दोन हजारांवर नुस्खे जमवले, सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० अर्क तपासले. चिंगहाओ नावाच्या एका वनस्पतीने आशा दाखवली, पण परिणाम एकदा यायचा, एकदा नाही.

मग त्यांनी चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पुस्तकातली कृती पुन्हा वाचली. त्यात वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस काढायला सांगितलं होतं, उकळायला नाही. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: उष्णतेने औषधच मरत असेल तर? त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधला मलेरिया पूर्ण दाबला. माणसांवर वापरण्याआधी तू आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन बघितला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज गडचिरोलीत फाल्सिपेरम मलेरियाच्या पेशंटला जे औषध दिलं जातं, ते याच कुळातलं आहे.

यातून काय घ्यायचं? 'जुनं आहे म्हणून खरं' हे नाही. दोन हजारांवर नुस्ख्यांतून हे एक सापडलं. पोथीने दिशा दाखवली, खात्री प्रयोगाने केली. आणि हजारो वर्षं चालत आलेली उकळून काढा करायची रीतच इथे अडसर ठरली होती.

आता दुसरी गोष्ट. १९९०च्या सुमारास ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करायला आलेल्या बायकांना गोळ्यांमधून चिनी वनस्पती दिल्या जायला लागल्या. त्यात 'हान फांग-ची' असायला हवी होती, तिच्या जागी गेली 'ग्वांग फांग-ची'. नावात एका शब्दाचा फरक, पण वनस्पती पूर्ण वेगळी, ॲरिस्टोलोकिया कुळातली. तिच्यातलं आम्ल किडनी कुरतडतं. शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या, अनेकींना डायलिसिस किंवा किडनी बदलावी लागली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. गोळी नैसर्गिकच होती, मंडळी. शंभर टक्के.

ज्या वनस्पतीत मलेरिया मारायची ताकद असू शकते, तिच्या शेजारच्या बरणीत किडनी मारायची ताकदही असू शकते. औषध आहे म्हटलं की डोस आला, दुष्परिणाम आला, दुसऱ्या औषधाशी भांडण आलं. साधं उदाहरण घ्या. ज्येष्ठमध कितीतरी चिनी काढ्यांमध्ये असतो. खोकल्याला कधीतरी चघळला तर काही होत नाही. पण रोज, जास्त, बरेच दिवस घेतला तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. मावशी बीपीची गोळी घेते, आठवतंय? 'दानशेन' नावाची मुळी रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो.

आणि तिसरा प्रकार, यात वनस्पतीचा दोषच नाही. सांधेदुखीच्या 'हर्बल' कॅप्सूलमध्ये गुपचूप स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं अनेक देशांच्या औषध तपासणीत सापडलंय. वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये बंदी घातलेली औषधं सापडलीत.

मावशीचं पुढे काय झालं?

फॅमिली डॉक्टरांनी तिला सांगितलं, "घरात जे जे घेता, ते सगळं एका पिशवीत घालून आणा." मावशी पिशवी घेऊन गेली. डॉक्टरांनी ती डबी बघितली, तिचा सुजलेला चेहरा बघितला, आणि म्हणाले, यात स्टेरॉइड असावं. 'असावं'च म्हणतोय, कारण आम्ही डबी लॅबमध्ये नेली नाही. पण चार दिवसांत गप्प झालेला गुडघा आणि दुप्पट झालेली शुगर, दोन्हीचं उत्तर एकच निघत होतं. एक महत्त्वाचं: अशी कॅप्सूल बरेच दिवस घेतली असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणंही धोक्याचं असतं. डॉक्टरांनी तिचं हळूहळू उतरवलं. शुगर खाली आली. गुडघा परत दुखायला लागला.

सुया तिने सोडल्या नाहीत. मीही आता 'सोड' म्हणत नाही. पंधरा दिवसांतून एकदा जाते, सोबत फिजिओथेरपिस्टने दिलेले मांडीचे व्यायाम करते, गोळ्या वेळेवर घेते. 'थोडा फरक पडतो,' म्हणते. थोडा. तो जर्मन अभ्यासही याहून फार वेगळं सांगत नाही.

तुमच्या घरी असा विषय निघाला तर एवढं करा. सुई घ्यायची असेल तर नोंदणी विचारा आणि पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर आधीच सांगा. कॅप्सूल किंवा काढा घ्यायचा असेल तर घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना नंबर बघा. नसेल तर घेऊ नका. फार लवकर, फार जोरात गुण आला तर खूश व्हायच्या आधी शंका घ्या. आणि चालू असलेली गोळी कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.

शेवटी मावशीच्या त्या प्रश्नाकडे येतो. सुईवाल्या बाईंनी झोप विचारली, भूक विचारली, ते चांगलंच केलं. पण 'कुठल्या गोळ्या चालू आहेत?' हे त्यांनी विचारलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे बघितला, मावशीकडे बघितलंच नाही. आणि मी? मी तीन वर्षांत एकदाही तिच्या गोळ्यांचा डबा उघडून बघितला नव्हता. अख्खा माणूस बघायचा म्हणजे त्याची झोपही बघायची, शुगरही बघायची आणि पिशवीतली ती बिनयादीची डबीही. ते काम त्या दिवशी केलं फॅमिली डॉक्टरांनी, आणि त्यांच्या पाटीवर 'होलिस्टिक' असं काही लिहिलेलं नाही.

तर या रविवारी घरी एक काम करा. आई-बाबा, आजी-आजोबा जे जे घेतात, ते सगळं टेबलावर मांडा, मोबाइलवर एक फोटो काढा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना तो दाखवा. पाच मिनिटं लागतील.

एपिसोड उपयोगाचा वाटला तर फॅमिली ग्रुपवर टाका. मावशीने तिच्या भिशीच्या ग्रुपवर आधीच टाकलाय. पुन्हा भेटू, काळजी घ्या!